सिंहासन आणि उतरंड
(भिवापूर, जि. नागपूर येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘सामाजिक विषमता आणि राजाविरुद्ध क्रांति’ असा आजचा विषय मला नेमून दिला आहे. विषयाचें नांव ऐकून कित्येकांना वाटलें असेल कीं, आतां हा गृहस्थ आपल्याला उचलून थेट फ्रान्स देशांत नेणार, तेथल्या राजाराणीच्या गोष्टी सांगणार, आणि आपण टाळ्या वाजवून घरीं जाणार. फ्रान्सचें नांव मी घेणार आहें. तें टाळतां येत नाहीं. पण मला जें मुख्यतः सांगावयाचें आहे तें शेजारच्या घराविषयीं आहे. येथून दक्षिणेकडे चंद्रपूर ओलांडून वर्धा नदी उतरली, किंवा पश्चिमेकडे उमरखेडपुढें पैनगंगा उतरली कीं जें राज्य लागत असे, त्या निजामाच्या राज्याविषयीं मी बोलणार आहें.

तें राज्य लहानसहान नव्हतें. ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें १ कोटि ६३ लाख रयत, स्वतःचें नाणें, स्वतःचें टपाल, स्वतःची आगगाडी आणि स्वतःची फौज. आपल्या शेजारचा वऱ्हाडसुद्धां कागदोपत्रीं त्याचाच होता. १८५३ च्या तहानें तो इंग्रजांच्या हवालीं झाला, १९०२ सालीं सालीना २५ लाख रुपयांच्या बोलीनें कायमचा त्यांच्याकडे गेला, तरी मालकी निजामाचीच मानली जाई. असें हें राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपलें. तें कसें संपलें, कोणीं संपविलें, आणि संपल्यावर कोणाचें काय झालें, या तीन प्रश्नांत आजचा सारा विषय आला.

विषमता आहे, मग क्रांति कां नाहीं?

विद्वान् लोक सांगतात कीं, समाजांत विषमता वाढली म्हणजे भडका उडतो आणि राजा पडतो. ऐकावयास हें बरें वाटतें. पण तसें असतें तर आपल्या देशांत हा भडका दर पिढींत उडावयास हवा होता. ज्याला गांवच्या विहिरीचें पाणी मिळत नव्हतें, ज्याला मेलेलें ढोर ओढून वर भाकरतुकडा मागावा लागे, त्यानें पेशवाईंत, भोसल्यांच्या राज्यांत, निजामाच्या राज्यांत कितीदां सिंहासन उलथून टाकलें? एकदांहि नाहीं. तो भित्रा होता म्हणून नव्हे. त्याच्यावरचा भार एका राजाचा नव्हता म्हणून.

आपल्या मायबहिणींना उतरंड ठाऊक आहे. सर्वांत खालीं मोठा रांजण, त्यावर घागर, त्यावर मडकें, त्यावर गाडगें, आणि सर्वांत वर चिमुकली बोळकी. खालच्या रांजणावर सगळ्यांचा भार. पण त्याच्या अंगाला लागतें तें फक्त त्याच्या लगतचें मडकें. वरची बोळकी त्याला दिसतहि नाहीं. आपल्याकडची विषमता अशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलें. तिच्यांत प्रत्येकाच्या डोक्यावर कोणी आहे आणि प्रत्येकाच्या पायाखालींहि कोणी आहे. कुणब्याला पाटलाचा जाच दिसतो, महाराला कुणब्याचा दिसतो, मांगाला महाराचा दिसतो. आणि आपल्या खालीं कोणी तरी आहे एवढ्या समाधानावर मनुष्य वरचा भार पिढ्यान् पिढ्या वाहतो. सिंहासन तोफांनीं सांभाळलें जातें असें लोक म्हणतात. तोफा सणावारीं उडतात. बाकीचे दिवस तें या समाधानावर उभें असतें.

दूर कशाला जातां? आपल्या नागपूरचेंच पाहा. तिसरे रघुजीराजे भोसले डिसेंबर १८५३ मध्यें औरस पुत्रावांचून वारले आणि डलहौसीनें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलांवांत निघाले. राजकुटुंबाला दुःख झालें, दरबारी लोकांना झालें. पण शेतांत राबणाऱ्या कुळाचें काय बदललें? राजा गेला आणि इंग्रज सरकारनें जमाबंदी करून सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गांवाचा मालक करून टाकलें. आज आपण ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतों ते माजी मालगुजारी तलाव. नांवच सांगतें कीं पाणीसुद्धां कोणाच्या नांवावर होतें. ही मालगुजारी मोडणारा कायदा व्हावयाला १९५० साल उजाडावें लागलें. वरची बोळकी बदलली, उतरंड तशीच राहिली. आणि रांजणाला तर बोळकी बदलल्याचा पत्ताहि नव्हता. याला राज्य जाणें म्हणतात, क्रांति म्हणत नाहींत.

फ्रान्समध्यें काय झालें

मग क्रांति केव्हां होते? आतां फ्रान्सकडे वळूं. १७८९ सालीं त्या देशाची वस्ती सुमारें २ कोटि ८० लाख. समाजाचे तीन वर्ग केलेले. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा उमरावांचा, आणि बाकी सारे तिसऱ्या वर्गांत. पहिले दोन मिळून शेकडा दोनसुद्धां नव्हते. पण मुख्य करांची त्यांना माफी होती. शेतकऱ्यानें राजाला सारा द्यावा, धर्मगुरूला पिकाचा हिस्सा द्यावा, उमरावाला त्याचे हक्क द्यावे, मिठावर कर द्यावा, आणि वर रस्त्यावर फुकट राबावें. हें शेंकडों वर्षें चाललें होतें. तेव्हां केवळ तें होतें म्हणून क्रांति झाली असें म्हणतां येणार नाहीं.

तेथें तीन गोष्टी एका वेळीं आल्या. राजाची तिजोरी युद्धांनीं रिकामी झाली आणि वरचे दोन वर्ग कर द्यावयास तयार होईनात. १७८८ सालीं पीक बुडालें आणि भाकरी महागली. आणि पावणेदोनशें वर्षें न बोलाविलेली तिन्ही वर्गांची सभा १७८९ च्या मे महिन्यांत राजाला बोलवावी लागली. तीपूर्वीं गांवोगांवच्या लोकांनीं आपापल्या तक्रारी लिहून काढल्या होत्या. ही तिसरी गोष्ट मी फार मोठी समजतों. आजवर एकट्यानें सोसलेलें दुःख गांवानें एकत्र बसून कागदावर मांडलें, आणि शेजारच्या गांवाचाहि कागद तसाच निघाला. आपल्या दारिद्र्याला आपलें नशीब कारण नसून एक व्यवस्था कारण आहे, हें त्यांना तेव्हां कळलें.

पुढें १४ जुलैला पॅरिसचा बॅस्टिल किल्ला पडला. खेड्यांतील शेतकऱ्यांनीं उमरावांचे वाडे गांठून हक्कांचे दस्तऐवज जाळले. तेव्हां कोठें ४ ऑगस्टच्या रात्रीं सभेंत उमरावांनीं आपले विशेष हक्क सोडले. ऑक्टोबरांत बाजारांतल्या बाया भाकरीसाठीं व्हर्सायपर्यंत पायीं गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या. राजाला सिंहासनावरून ओढलें तें वकिलांनीं असें पुस्तकांत वाचावयास मिळतें. पण वकिलांच्या पाठीमागें कुळें आणि बाजारकरणी नसत्या तर ते वकील तुरुंगांत कुजले असते.

आणि याच फ्रान्सचें दुसरें अंगहि पाहा. १७९१ ची राज्यघटना झाली तेव्हां मताचा हक्क कोणाला मिळाला? तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरील त्या पुरुषाला. व्हर्सायला गेलेल्या बायांना नाहीं, गड्यामजुरांना नाहीं. सेंट डोमिंग बेटांतल्या काळ्या गुलामांना तर माणसांतच धरलें नव्हतें. त्यांनीं त्याच सालीं स्वतः उठाव केला, तेव्हां कोठें १७९४ सालीं गुलामगिरी रद्द झाली. समतेची घोषणा करणारेहि आपल्या पायाखालचें मडकें सहजासहजीं सोडीत नाहींत, एवढें ध्यानांत ठेवा. पुढें तें उपयोगी पडेल.

निजामाच्या राज्याची उतरंड

आतां शेजारच्या घरीं येऊं. मीर उस्मान अली हा शेवटचा निजाम १९११ सालीं गादीवर बसला. त्याचें फर्मान हाच कायदा. कायदेमंडळ नांवाला होतें, त्यांत सरकारनें नेमलेल्यांचा भरणा. सभा घ्यावयाची तर आधीं परवानगी. त्या हुकुमाला ‘गस्ती निशाण ५३’ म्हणत. राज्यांत बहुतेक रयत तेलुगु, मराठी आणि कानडी बोलणारी. शाळा-कचेरीची भाषा उर्दू. १९३७ सालीं अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकानें या निजामाला जगांतील सर्वांत धनाढ्य मनुष्य म्हणून मुखपृष्ठावर छापलें.

हें धन आलें कोठून? जमिनींतून. ढोबळ हिशेबानें राज्याचा दहावा हिस्सा ‘सर्फ-इ-खास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. सुमारें तीन दशांश मुलूख जहागिरदारांचा. त्यांतल्या मोठ्यांचें पोलीस वेगळें, कोर्ट वेगळें. उरलेला मुलूख सरकारचा. पण तेथेंहि गांवावर सत्ता देशमुख, देशपांडे, पाटील आणि पटवारी यांची. पहिल्या सालारजंगानें गेल्याच्या मागल्या शतकांत वसुलीची मक्तेदारी काढून देशमुख-देशपांड्यांना रोख रकमा बांधून दिल्या. पण जमाबंदीच्या वेळीं दप्तर त्यांच्याच हातीं असल्यानें चांगल्या जमिनी त्यांच्याच नांवावर चढल्या.

येथें एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. निजाम मुसलमान होता म्हणून हें मुसलमानांचें राज्य आणि हिंदूंची गुलामी, असें सांगणारे तेव्हांहि होते, आजहि आहेत. पण उतरंड पाहा. जहागिरदारांत हिंदु राजेरजवाडे होते. निजामाचा दिवाण महाराजा किशन प्रसाद हिंदु. गांवोगांवचे देशमुख, देशपांडे, पटवारी बहुतेक हिंदु. आणि हैदराबादच्या गल्लींत टांगा हांकणारा, खेड्यांत माग चालविणारा, कचेरींत पट्टेवाला असणारा मुसलमान हा आपल्याच पंक्तीचा दरिद्री. वर धर्म दोन होते, खालीं भूक एकच होती.

तेलंगणांत वेठीला ‘वेट्टी’ म्हणत. तेथें परिटानें देशमुखाचे कपडे फुकट धुवावे, न्हाव्यानें फुकट हजामत करावी, कुंभारानें मडकीं द्यावीं, धनगरानें मेंढी द्यावी, चांभारानें जोडे द्यावे, आणि अस्पृश्यानें निरोप घेऊन रात्रींअपरात्रीं धांवावें. मराठवाड्यांतहि वेठ होती. दुसऱ्या महायुद्धांत त्यावर धान्याची लेव्ही आली. मोठ्यांचीं कोठारें पटवाऱ्याच्या वहींत रिकामीं दिसत, आणि लहान कास्तकाराच्या घरचें बी-बियाणें उचललें जाई. ज्या उतरंडीचा भार सवयीनें सोसला जात होता तिच्यावर हा एक दगड अधिक पडला.

खालचें मडकें हललें

तेलंगणांत आंध्र महासभा नांवाची संस्था होती. आरंभीं ती शिकलेल्या आणि खाऊनपिऊन सुखी लोकांची. १९४४ सालीं भोनगीर येथील अधिवेशनांत तिची वर्गणी एका रुपयावरून चार आण्यांवर आणली गेली. ज्याच्यापाशीं रुपया नाहीं पण चार आणे आहेत असा मनुष्य आंत आला, आणि आल्याबरोबर त्यानें विचारलें: आमच्या वेठीचें काय? आमच्या जमिनीचें काय?

नळगोंड्याकडे विसनूर येथें रामचंद्र रेड्डी नांवाचा देशमुख होता. साठ गांवांवर त्याची हुकमत आणि चाळीस हजार एकर जमीन असल्याचें त्या लढ्याचे पुढारी पी. सुंदरय्या यांनीं नमूद केलें आहे. पालकुर्ती गांवच्या ऐलम्मा नांवाच्या परटिणीनें खंडानें जमीन केली. परटिणीनें शेत करावें, हेंच देशमुखाला सोसेना. त्यानें पीक कापून न्यावयाला माणसें पाठविलीं. ऐलम्मा हटली नाहीं. संघमचे लोक तिच्या पाठीशीं उभे राहिले आणि पीक तिच्याच घरीं गेलें. ४ जुलै १९४६ रोजीं कडवेंडी गांवांत वेठीविरुद्ध निघालेल्या मिरवणुकीवर देशमुखाच्या माणसांनीं गोळ्या झाडल्या आणि दोड्डी कोमरय्या नांवाचा धनगराचा पोर मेला. त्या दिवसापासून तेलंगण पेटलें. पुढाऱ्यांच्या हिशेबाप्रमाणें सुमारें ३ हजार गांवांत वेठ बंद झाली आणि १० लाख एकर जमीन वांटली गेली.

आरंभ कोणीं केला तें पाहा. एका परटिणीनें आणि एका धनगरानें. निजामाचें नांव त्यांच्या तोंडीं प्रथम नव्हतेंच. त्यांच्या तोंडीं देशमुखाचें नांव होतें. पण देशमुखाला हात लावतांच निजामाचे पोलीस आले. तेव्हां त्यांना दिसलें कीं, आपल्या लगतचें मडकें आणि सर्वांत वरची बोळकी ही एकाच उतरंडीचीं आहेत. माझ्या मतें क्रांतीची खरी घडी हीच. विषमता जुनीच असते. ती एकाच इमारतीचे मजले आहेत हें खालच्याला दिसणें, हें नवें असतें.

एकाच सालीं दोन वाटा

आतां आपल्या मराठी जिल्ह्यांकडे येऊं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे ते पांच जिल्हे. १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन झालें. १९३८ सालीं स्टेट काँग्रेस निघाली. निजामानें तिच्यावर बंदी घातली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत स्वामी रामानंद तीर्थ प्रभृतींनीं सत्याग्रह केला. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकलें, तेव्हां त्यांना दार उघडलें तें आपल्या नागपूर विद्यापीठानें. ही गोष्ट नागपूर जिल्ह्याला भूषणावह आहे.

त्याच १९३८ सालीं, ३० डिसेंबरला, कन्नडजवळ मक्रणपूर येथें बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं मराठवाड्यांतील दलितांची परिषद भरली. निजामाच्या हद्दींत त्यांच्या सभेला वाव नव्हता, म्हणून हद्दीवरची जागा निवडावी लागली. लोक पोलिसांना न जुमानतां हद्द ओलांडून आले.

तीन महिन्यांच्या आंत, एकाच राज्यांत, एकाच राजाच्या जुलमाखालीं दोन सभा. एक म्हणते, आम्हांला जबाबदार राज्यपद्धति द्या. दुसरी म्हणते, आम्हांला माणूस म्हणून जगूं द्या. या दोन्ही मागण्या एकाच उतरंडीविरुद्ध होत्या. तरी त्यांच्या वाटा वेगळ्या राहिल्या. दोष कोणाचा? दलित मनुष्य विचारीत होता: निजाम गेल्यावर गांवच्या विहिरीवर मला पाणी भरूं देणार काय? आणि स्वातंत्र्याचें नांव घेणाऱ्या पुष्कळांच्या घरीं या प्रश्नाला उत्तर नव्हतें.

निजाम हुशार होता. जेथें उत्तर नव्हतें तेथें त्यानें हात घातला. मजलिसच्या पुढाऱ्यांनीं गरीब मुसलमानाला ‘अनल मलिक’ शिकविलें: तूंच बादशहा आहेस, गादीवरचा निजाम तुझेंच रूप आहे. बादशाहीचा हिस्सा मिळाला, भाकरीचा मिळाला नाहीं. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीनें याच गरीब पोरांच्या हातांत शस्त्रें देऊन रझाकार उभे केले. दलितांतले कांहीं पुढारी, बी. एस. व्यंकटराव, शामसुंदर प्रभृति, निजामाच्या बाजूस गेले. शामसुंदर तर हैदराबादच्या शिष्टमंडळांतून संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत पोंचले. त्यांना नांवें ठेवणें सोपें आहे. पण गांवच्या सवर्णापेक्षां त्यांना निजाम जवळचा कां वाटला, हें विचारणें अवघड आहे, आणि तेंच विचारलें पाहिजे. २७ नोव्हेंबर १९४७ रोजीं बाबासाहेबांनीं स्पष्ट पत्रक काढून दलितांना निजामाची बाजू घेऊं नका म्हणून बजावलें. ज्यांना सवर्णांनीं सर्वांत अधिक छळलें त्यांच्याच नेत्यानें हें सांगावें, यांत मोठें मन आहे. त्या मनाची परतफेड कशी झाली तें आतां सांगतों.

राजा गेला, पुढें काय?

१९४७ च्या जूनमध्यें निजामानें आपण स्वतंत्र राहणार असें जाहीर केलें. त्यानंतरचें वर्ष मराठवाड्यानें अग्नींत काढलें. करोडगिरीचीं नाकीं जळालीं, शिंदीचीं झाडें तुटलीं, उमरखेडसारख्या हद्दीवरच्या ठिकाणीं छावण्या पडल्या. ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या बँकेंतून लढ्यासाठीं वीस लाखांवर रुपये नेले, आणि नेणाऱ्यांनीं त्याचा चोख हिशेब ठेवला. वापटीचे बहिर्जी शिंदे यांच्यासारखे शेतकऱ्याचे पुत्र लढतां लढतां पडले. मुसलमानांतहि शोएबुल्ला खान निघाला. ‘इमरोज’ पत्रांतून रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्यें त्या तरुण संपादकाचा भर रस्त्यांत खून झाला. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा शिरल्या आणि पांच दिवसांत निजाम शरण आला.

बंधूंनो, येथें टाळ्या वाजवूं नका, पुढचें ऐका. त्यानंतरच्या दिवसांत खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि सर्वांत वाईट झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद हीं दोन मराठी नांवें आहेत. मेले कोण? खेड्यांतलीं माणसें. आणि निजाम? त्याला सालीना ५० लाखांचा तनखा मिळाला, आणि २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत तो त्याच हैदराबादचा राजप्रमुख होता. ज्याच्या नांवानें रक्त सांडलें तो वाड्यांत सुखरूप, आणि ज्याला ‘तूंच बादशहा’ असें सांगितलें होतें तो विहिरींत. जुलमी राजाला धर्माच्या नांवानें मारूं गेलें म्हणजे मार कोणाला लागतो, हें यावरून कळतें.

कायदे चांगले झाले, हें मान्य केलें पाहिजे. १९४९ सालीं जहागिरी गेल्या, १९५० सालीं कुळकायदा आला. पण ज्याच्या नांवें कूळ म्हणूनहि नोंद नव्हती त्या गड्याला त्यांतून काय मिळणार? राजवाड्यावरचा झेंडा बदलला. गांवकुसाबाहेरची वस्ती गांवकुसाबाहेरच राहिली. याचा पुरावा तीस वर्षांनीं मिळाला. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि त्याच मुक्त मराठवाड्यांत दलितांच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळ्यांना जिवें मारलें. निजामाविरुद्ध उभें राहावयास सांगणाऱ्या माणसाचें नांव एका पाटीवर लिहिण्यास सोळा वर्षें लागलीं. १४ जानेवारी १९९४ ला तें लिहिलें गेलें. मध्यंतरीं १९७९ सालीं नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला होता. १९३८ सालीं नागपूरनें विद्यार्थ्यांना दार उघडलें, १९७९ सालीं नागपूरचे लोक पायीं निघाले. माझ्या दृष्टीनें ही एकाच लढ्याचीं दोन पानें आहेत: पहिलें सिंहासनाविरुद्ध, दुसरें उतरंडीविरुद्ध.

कोणी म्हणेल, राजानेंच स्वतः उतरंड उतरविली तर? तसा एक राजा आपल्याकडे झाला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं मागासलेल्यांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि १९१८ सालीं कुलकर्णी वतन आणि महार वतन दोन्ही मोडलीं. एका हातानें वरचें मडकें उतरविलें, दुसऱ्या हातानें खालच्याच्या मानेवरचें जोखड. पण असा राजा मिळणें हा योगायोग आहे. योगायोगावर प्रजेनें आपलें भविष्य सोंपवूं नये.

भिवापुरानें यांतून काय घ्यावें

आतां आपल्या गांवाचें बोलून मी संपवितों. आज राजा नाहीं. निजामाचें फर्मान नाहीं, मालगुजाराची कचेरी नाहीं. पण उतरंड आहे कीं नाहीं हें तपासण्याचीं साधनें ज्याच्या त्याच्या पुढ्यांत आहेत. भिवापुरी मिरचीचें नांव सर्वत्र झालें, तिला सरकारी मानांकन मिळालें. पण सातऱ्यावर दिवसभर बसून, हाताची आग सोसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईला मजुरी किती, आणि तेथेंच पोतीं उचलणाऱ्या बाप्याला किती, हें कोणीं विचारलें आहे काय? ज्यांच्या नांवें सातबारा नाहीं, पण जे मक्त्यानें शेत करतात, त्यांना पीक बुडाल्यावर भरपाई मिळते काय? नळाचें पाणी शेवटच्या वस्तीला किती वाजतां पोंचतें? सरणाची जागा सर्वांना एक आहे काय? हे प्रश्न लहान दिसतात. फ्रान्सच्या शेतकऱ्यांनीं कागदावर लिहिलेले प्रश्नहि असेच लहान होते: मिठाचा कर, वेठीचे दिवस, भाकरीचा भाव.

म्हणून माझी विनंति तीन शब्दांची नसून तीन कामांची आहे. पहिलें काम, ग्रामसभेला जा, आणि एकट्यानें नव्हे, चार जातींचीं माणसें मिळून जा. आपापलें गाऱ्हाणें एका कागदावर लिहा. दुसरें, त्या कागदावर सर्वांत पहिलें गाऱ्हाणें गांवांतल्या सर्वांत खालच्या माणसाचें घाला. कारण रांजण हलला म्हणजे वरचीं सारीं हलतात, बोळकी हलवून रांजण हलत नाहीं. तिसरें काम सर्वांत कठीण आहे. प्रत्येकानें घरीं गेल्यावर आपल्या डोक्यावर कोण बसलें आहे हें मोजण्याआधीं आपण कोणाच्या डोक्यावर बसलों आहों हें मोजा, आणि तेथून उतरा.

मराठवाड्यानें राजा घालविला, त्याबद्दल त्याला आपला मुजरा असो. उतरंड घालविण्याचें काम मात्र त्याच्या आणि आपल्या, दोघांच्याहि अंगणांत अजून पडलें आहे.